गाडी तयार होईस्तोवर

आकाराम चौगुलेनं जुनी व्हॅनिटी व्हॅन आणून दारात उभी केली, तेव्हा पाचगावातली सगळी गल्ली ती बघायला लोटली. शूटिंगच्या जागी नटनट्यांना कपडे बदलायला, घटकाभर अंग टाकायला जी गाडी असते, तीच ही. मोरेवाडीच्या माळावर कितीतरी मालिकांच्या सासवा आणि सुना हिच्यात बसून पावडर लावून गेल्या होत्या. आता खालचा पत्रा गंजला होता, आतलं प्लायवूड फुगलं होतं आणि आरशाभोवतीच्या बल्बांपैकी निम्मे गेले होते. मालकानं नवी गाडी घेतली आणि ही मोडीत काढायची ठरवली. केरबानं ती बरीच वर्षं चालवली होती. तो आकारामचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानंच मध्ये पडून ती मिळवून दिली.

"रिटायर झाल्यावर मानसं गाय घेत्यात, ह्यानं नटीची गाडी घेतली," असं शेजारी म्हणायचे. आकाराम हसून सोडून द्यायचा. खरं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

कारण तानाबाई होती, त्याची बायको. पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून तिला लघवी धरवत नसे. घरात असली की काही नाही, पण बाहेर पडली की तिचा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकायचा. एकदा ती एकटी एसटीनं थोरल्या बहिणीकडं, बनाक्काकडं निघाली होती. निपाणीच्या अलीकडं रस्त्याचं काम चालू होतं, गाड्यांची रांग लागली आणि एसटी जागची हलेना. पुढं जे व्हायचं ते भरल्या गाडीत, सीटवर बसल्या बसल्या झालं. शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला. निपाणी स्टँडला उतरून तानाबाईनं पिशवीतलं दुसरं लुगडं नेसलं आणि तिथूनच परतीची गाडी धरली. घरी आल्यावर तिनं आकारामला एवढंच सांगितलं, "आता मला कुटं न्हिऊ नगा."

त्या दिवसापासून ती लग्नाला गेली नाही, बारशाला गेली नाही. मोटार करून जाऊ म्हटलं तर म्हणायची, "मोटारीत काय येगळं हाय? पंपावरचं संडास बघितलंय का कवा? आन ह्या गुडघ्यांनी मी खाली बसू कशी?" बनाक्का हुक्केरीजवळच्या एका खेड्यात दिलेली. आई लवकर गेली तेव्हा तानाला तिनंच वाढवलं होतं. आता तिचंही वय झालं होतं, मणका दबला होता, वाहनात बसणं तिला डॉक्टरांनी बंद केलं होतं. दोघी बहिणींमध्ये जेमतेम तीन तासांचा रस्ता, पण तो दोघींपैकी कुणालाच ओलांडता येईना. रोज संध्याकाळी फोनवर बोलायच्या, तेवढंच.

म्हणून ही गाडी. मागच्या कोपऱ्यात कमोड होता, पाण्याची टाकी होती, छोटी मोटर होती. दार लावलं की आत कडी.

पहिल्या दिवशी बघ्यांची गर्दी पांगल्यावर तानाबाई हळूच गाडीत चढली. आकाराम बाहेर थांबला. आतून कडी लागल्याचा आवाज आला, मग बटण दाबल्याचा, मग मोटर घुर्रर्र करून पाणी सोडल्याचा. ती बाहेर आली तेव्हा तिचं तोंड लहान पोरीसारखं फुललं होतं.

"अवो, चालतंय की हे!"

"चालणारच. बॅटरीवर हाय ते."

"मग उद्याच जाऊया की अक्काकडं. मी भाकऱ्या बडवून घेतो."

कोल्हापुरातल्या बायका मी येते, मी जाते म्हणत नाहीत. येतो, जातो म्हणतात. तानाबाईचं बोलणं तसंच होतं. आकारामला तिचं ते 'घेतो' त्या दिवशी फार गोड वाटलं. पण तो म्हणाला, "उद्या कशाला? जरा नीट करू की गाडी. जायाचं तर थाटात जाऊया."

आकारामची सगळी नोकरी वारणानगरला डेअरीच्या इलेक्ट्रिकल खात्यात गेली होती. तारा, पॅनेल, मोटरी यांच्यातच त्याचे हात घडले होते. गाडीतलं वायरिंग उघडून बघितलं आणि त्याला करमेना. सगळं वायरिंग जनरेटरच्या हिशेबानं केलेलं. शूटिंगला मागं जनरेटर धडधडत असायचा, त्यावर एसी, फ्रिज, पंखा, आरशाचे बल्ब. आता जनरेटर नव्हता. बॅटरीवर फक्त गाडीचे दिवे, आतला एक बल्ब आणि संडासाची मोटर तेवढी चालायची. आकारामनं ठरवलं, इन्व्हर्टर बसवायचा. बॅटरीची वीज घरच्यासारखी करून घ्यायची. मग फ्रिजमध्ये तानाचं औषध, वर पंखा, चटणी वाटायला मिक्सर. बाईनं कुणाच्या घरात पाय न ठेवता आठवडाभर राहावं असं घर चाकांवर उभं करायचं.

पहिला इन्व्हर्टर त्यानं घरातलाच काढून बसवला. तो मागं पलंगाखाली ठेवला आणि बॅटरी पुढं ड्रायव्हरच्या सीटखाली होती, तिथून जुनीच वायर ओढून घेतली. त्याच्यासारख्या माणसानं हे करायला नको होतं. बारा व्होल्टवर मिक्सर फिरवायचा म्हणजे तारेतून करंट किती जातो, हे त्याला पाठ होतं. पण आधी चालतंय का बघू, मग तार बदलू, असं म्हणून त्यानं बटण दाबलं. तानाबाईनं मिक्सरमध्ये खोबरं-लसूण घातलं होतं. मिक्सर फिरला, भांडं घुमलं आणि थोड्या वेळानं लसणाच्या वासात दुसराच एक वास मिसळला.

"काय जळतंय वो?"

आकारामनं धावत जाऊन बॅटरीची तार उपटली. पलंगामागच्या प्लायवूडवर तारेच्या वाटेनं काळा पट्टा उमटला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर सगळं प्लायवूड पेटलं असतं, आणि दार एकच.

डेअरीत असताना त्यानं पॅनेलच्या भडक्यात भाजलेला माणूस बघितला होता. त्याला उचलून गाडीत घालताना कातडं हाताला आलं होतं. ते त्याच्या डोळ्यांपुढून कधीच गेलं नव्हतं. त्या दिवशी त्या काळ्या पट्ट्याकडं बघताना त्याला पलंगावर झोपलेली तानाबाई दिसली. सगळं वायरिंग त्यानं दुसऱ्याच दिवशी ओढून काढलं आणि कोऱ्या पत्र्यापासून सुरुवात केली.

इथून पुढं काळ कसा गेला ते आकारामला नंतर नीट सांगता आलं नाही. काम मात्र एकामागून एक निघत गेलं. इन्व्हर्टरसाठी मागं दुसरी, नवी बॅटरी बसवली, इन्व्हर्टर तिच्या शेजारी आणला, मधली तार जाड आणि आखूड केली, बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज घातला. मग पंखा गुणगुणायला लागला आणि फ्रिज सुरूच होईना. स्वस्तातल्या इन्व्हर्टरची वीज खडबडीत असते, मोटरीला ती सोसत नाही. मग सरळ, गुळगुळीत वीज देणारा चांगला साइनवेव्ह इन्व्हर्टर मागवला. तो यायला वेळ लागला, आला तो बिघडलेला निघाला, परत पाठवला. गाडी चालताना नव्या बॅटरीत चार्जिंग यावं म्हणून इंजिनकडून वेगळी जोडणी केली. तर सकाळी गाडी चालू करायची बॅटरीच उतरून बसलेली. दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना खात होत्या. मग त्या पुन्हा एकमेकींपासून वेगळ्या केल्या. उद्यमनगरात आकारामची रोजची फेरी सुरू झाली. दुकानदार लांबूनच विचारायचे, "काय चौगुले, आज कुठली तार?"

खरं म्हणजे त्याला मजा यायला लागली होती. नोकरी सुटल्यावर सकाळी उठून कुठं जायचं हा प्रश्न होता, तो सुटला. हे त्यानं त्या वेळी स्वतःशीही कबूल केलं नसतं. विचारलं असतं तर म्हणाला असता, सगळं तानासाठीच चाललंय. आणि ते खोटंही नव्हतं.

संध्याकाळी तानाबाईचा फोन लागायचा. ती स्पीकर लावून भाजी निवडायची, म्हणून अक्काचा आवाज गाडीपर्यंत ऐकू यायचा.

"तंगी, कवा येतीस गं?"

तंगी म्हणजे धाकटी बहीण. चाळीस-पन्नास वर्षं कानडी मुलखात काढून अक्काच्या तोंडी हाच शब्द बसला होता.

"गाडी तयार व्हायली अक्का. झालंच म्हनत्यात."

"पावण्यांस्नी दे बघू फोन."

आकाराम हात पुसत यायचा. "अक्का, बस, एवढं इन्व्हर्टरचं मिटलं की निघालोच."

"कसलं टर म्हंता त्ये?"

"इन्व्हर्टर. लाईट न्हाई का लागणार गाडीत?"

"आमच्यात लाईट न्हाई व्हय वो पावणं?" असं म्हणून अक्का खो खो हसायची, हसता हसता खोकायची, आणि तानाबाई फोन परत घ्यायची.

एकदा तानाबाईनं विचारलं होतं. तो गाडीखाली आडवा पडून काम करत होता, ती चहा घेऊन आली होती.

"संडासाची मोटर चालती न्हवं?"

"चालती."

"बल्ब लागतोय न्हवं?"

"लागतोय की."

"मग?"

आकाराम गाडीखालून बाहेर आला. "मग म्हंजे? फ्रिज नको? पंखा नको? उद्या चार दिवस ऱ्हायचं झालं तर कुणाकडं तोंड वेंगाडायचं? तुला कुणाच्या घरात अडचण नको म्हणूनच करतोय न्हवं मी हे?"

ती कप उचलून घरात गेली. आपण पटवून दिलं, असं आकारामला वाटलं.

शेवटी एकदा जायचं ठरलं. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, ऊन कोवळं होतं. केरबा गाडी चालवणार होता. तानाबाईनं शेंगदाण्याची चटणी केली, धपाटी केली, अक्काला मऊ पडतील असे रव्याचे लाडू वळले. नवं इरकल लुगडं काढून ठेवलं. सगळं गाडीत नेऊन रचलं. आकारामनं फ्रिज चालू करून ठेवला होता. लाडवांचा डबा आत ठेवायला तानाबाईनं फ्रिजच्या दाराला हात लावला आणि हात झटकन मागं घेतला.

"झिणझिण्या आल्या वो."

आकारामनं टेस्टर लावला. फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरत होता. मारून टाकण्याइतका नव्हता, पण होता. गंजक्या बॉडीला अर्थिंग कुठंतरी नीट लागत नव्हतं.

"आज निघायचं न्हाई," तो म्हणाला.

केरबा सीटवर बसून होता, किल्ली हातात. "का रं?"

"करंट उतरतोय."

"मग बंद कर की त्यो इन्व्हर्टर आन चल. फ्रिजवाचून काय आडलंय? तिथं काय नटी बसणार हाय व्हय लाली लावून?"

"बंद करून न्यायची तर एवढं केलं कशाला? केरबा, तुला न्हाई कळायचं. हे पुरतं नीट झाल्याबिगर मी तिला ह्यात बसवणार न्हाई."

"आक्या," केरबा खाली उतरत म्हणाला, "तुला गाडी न्हायची न्हाई. तुला गाडी करायची हाय."

आकारामला राग आला. दोस्ताला तो नको ते बोलला. केरबा किल्ली बोनेटवर ठेवून निघून गेला आणि बरेच दिवस फिरकला नाही.

त्या संध्याकाळी आकारामनंच अक्काला फोन केला. करंट, गंज, अर्थिंग, सगळं समजावून सांगितलं. मग अक्का म्हणाली, "पावणं, तसंच या की. लाईट नसली तर अंधारात बसू."

"अक्का, आता थोडंच ऱ्हायलंय."

"बरं," ती म्हणाली. "तुमचं काम हाय. मी काय सांगू."

स्वयंपाकघरात तानाबाई गाडीतले डबे परत मांडणीवर लावत होती. लाडू तिनं गल्लीतल्या पोरांना वाटून टाकले.

बनाक्का गेली ती मकर संक्रांतीच्या आधी. सकाळी उन्हाला बसली होती, तिथंच मान टाकली. अक्काचा मुलगा सम्राट, त्याचा फोन आला तेव्हा आकाराम गाडीत होता. नवा इन्व्हर्टर बाहेर पडवीत पोत्यावर ठेवलेला, आणि तो बॉडीचा गंज घासून अर्थिंगची तार आवळत होता. घरातून तानाबाईचा आवाज आला नाही म्हणून तो आत गेला. ती फोन मांडीवर ठेवून भिंतीला टेकून बसली होती.

"अक्का गेली," ती म्हणाली. जणू शेजारची कुणी बाजाराला गेली असं सांगावं तशी.

आकारामनं केरबाला फोन लावला. आधी काय बोलावं हे त्याला सुचेना. केरबानंच विचारलं, "कोण गेलं?" आणि चहाचा कप अर्धा टाकून तो आला. मागच्या बोलण्याचा एक शब्द त्यानं काढला नाही. आकारामनं बॅटरीच्या उघड्या तारांच्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळली, हत्यारं पाटीत भरून खाली उतरवली. माहेरची म्हणून अक्काला नेसवायला लुगडं न्यायचं होतं. तानाबाईनं ते इरकलच घेतलं. आणि घरात बातमी आल्यापासून चहा थंड व्हायच्या आत गाडी रस्त्याला लागली.

फ्रिज बंद, पंखा बंद. आत एक बल्ब तेवढा. थंडीचे दिवस असल्यानं पंख्याची कुणाला आठवणही झाली नाही.

कागल मागं पडलं तशी तानाबाई उठली, आधार घेत मागं गेली. कडी लागली. मोटर घुर्रर्र वाजली. ती परत येऊन खिडकीशी बसली. निपाणीच्या अलीकडं पुन्हा गेली, पुन्हा आली. केरबानं गाडी सावकाश ठेवली होती. संकेश्वरला एकदा. कुठं थांबायला लागलं नाही, कुणाला विचारायला लागलं नाही, कुणी नाकाला पदर लावला नाही. आकाराम तिच्यासमोरच्या बाकावर बसला होता. मोटर वाजली की दर वेळी तो तिकडं कान देऊन बसायचा. ही मोटर पहिल्या दिवशी चालत होती. गाडी दारात आली त्या दिवशी. इन्व्हर्टरचा, फ्रिजचा, साइनवेव्हचा आणि हिचा काही म्हणता काही संबंध नव्हता. तानाला एक कमोड आणि एक कडी पाहिजे होती. बाकीचं सगळं त्याला पाहिजे होतं.

त्यानं तिच्याकडं बघितलं. तिच्याही ते ध्यानात आलं असेल का? आलंच असेल. तिनं तर ते केव्हाच विचारलं होतं, चहाचा कप हातात घेऊन.

सम्राटनं मयत थांबवून धरलं होतं. "मावशी आल्याबिगर उचलायचं न्हाई," असं त्यानं भावकीला सांगितलं होतं. गाडी गल्लीत शिरली तशी बायकांनी वाट केली. तानाबाई अक्काच्या डोक्याशी बसली. इतका वेळ न फुटलेला हंबरडा तिथं फुटला. "अक्का, आलो गं मी, तुझी तंगी आलो," एवढं एकच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. इरकल नेसवताना तिनं कुणाला हात लावू दिला नाही. निऱ्या तिनंच घातल्या.

माणसं नदीवर जाऊन आली, आंघोळी झाल्या. केरबा गाडीत पाणी भरायला नळ शोधत होता. सम्राट त्याला म्हणाला, "मामा, गाडी हितं आडवी नगं. त्या बाजूला भिंतीकडंनं घ्या. जागा करून ठेवलीया."

आकाराम बघायला गेला. घराच्या कडेला, चिंचेखाली, मुरूम टाकून सपाट केलेली जागा होती. चिंचेची रस्त्यावर आलेली मोठी फांदी कापलेली होती. कापलेल्या जागी अजून ओला चीक दिसत होता का, की तो नुसता त्याचा भास होता, त्याला कळेना. आणि भिंतीवर, बाहेरच्या अंगाला, माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर एक नवा बोर्ड बसवलेला होता. एक मोठा पॉइंट, एक बटण. पावसानं भिजू नये म्हणून त्यावर दुधाची पिशवी दोऱ्यानं बांधलेली.

"हे काय?" त्यानं विचारलं.

"अव्वानं करून घेतलं," सम्राट म्हणाला. आईला तो अव्वा म्हणायचा. "दिवाळीच्या आधी. म्हनली, मावशीच्या गाडीत लाईट न्हाई म्हणून पावणं आडून बसल्यात. हितनं वायर टाकली की झालं न्हवं? वायरमनला दोनदा माघारी बोलावून उंची बदलाय लावली. गाडीचं दार कुटल्या बाजूला येतंय, ते मला फोनवर मावशीला विचाराय लावलं हुतं."

"मला काय न्हाई बोलल्या."

"मीबी म्हटलं, सांग की त्यास्नी. तर म्हनली, नगं. पावणं त्यांचं काम मनापासनं करत्यात, मधीच असं सांगितलं तर त्यास्नी कमीपणा वाटंल. आलं की बघतील."

आकारामनं पिशवीचा दोरा सोडला. बोर्ड चांगला होता. अर्थिंगसकट, नीट बसवलेला. त्यानं बटण दाबलं. पॉइंटशेजारचा बारीक लाल दिवा लागला. त्यानं तो लगेच बंद केला, पिशवी पुन्हा घातली आणि दोरा बांधायला लागला. गाठ बसेना. सगळी नोकरी तारा वळलेल्या बोटांना ती साधी गाठ जमेना, तेव्हा सम्राटनं पुढं होऊन दोरा बांधला.

तानाबाई गाडीतून बाहेर आली तेव्हा तो पायरीजवळ मुरमात बसला होता. ती पायरीवर बसली. आतून बायकांच्या बोलण्याचे आवाज येत होते.

"माझं चुकलं, ताना," तो म्हणाला.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"चुकलं म्हनू नगासा," ती म्हणाली. "तुमी माझ्यासाठीच करत हुता, मला ठावं हाय. दुसऱ्याच्या नवऱ्यानं केलं नसतं एवढं." मग पदर सोडवत, "पर मी काय म्हनत हुतो त्ये तुमच्या कानात कधी शिरलंच न्हाई. मला वाटायचं, हळू बोलतो म्हणून आसंल. मग वाटलं, ओरडून बोलायचं तर कशाला? गाडी तर माझ्यासाठीच चाललीया. कुठल्या तोंडानं भांडू?"

आकारामला तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेरावं करून ती दोघं परत आली. काही दिवसांनी आकारामनं अर्थिंगचं काम पुरं केलं, इन्व्हर्टर बसवला. का बसवला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. काम अर्धं टाकायची सवय नव्हती एवढंच. या वेळी काही बिघडलं नाही. फ्रिज पहिल्या झटक्यात सुरू झाला, पंखा बिनआवाजाचा फिरला, पत्र्याला टेस्टर लावला तर काही नाही. मनात आलं असतं तर आठ दिवस गाडी माळावर उभी करून राहता आलं असतं. त्यानं तानाबाईला हाक मारली. ती आली, चढली, फ्रिजला हात लावून बघितला, पंख्याकडं मान वर करून बघितलं. "चांगलं झालं," म्हणाली आणि खाली उतरून तिनं वाळवणाची चादर झटकायला घेतली.

मग गाडी नुसतीच उभी राहिली. बाहेर कुठं जाऊया का, असं त्यानं कितीदा विचारलं. गणपतीपुळ्याला, गोव्याला, कुठंही. ती नको म्हणायची नाही. "जाऊया की कवातरी," म्हणायची, आणि ते 'कवातरी' कुठल्या दिवसाला येऊन टेकायचं नाही. आकाराम दुपारचा एकटाच गाडीत जाऊन बसायचा. पंखा लावायचा. आरशाभोवतीच्या बल्बांच्या उजेडात स्वतःचं तोंड दिसायचं, तेव्हा तो बल्ब बंद करून टाकायचा. केरबा यायचा कधी कधी. दोघं आत बसून चहा प्यायचे. केरबा एरवी कुणाला सोडायचा नाही, पण या गोष्टीवर त्यानं पुन्हा टोमणा मारला नाही, आणि ते आकारामला जास्त लागायचं.

अक्काच्या वर्षश्राद्धाला मात्र तानाबाई आपणहून निघाली. पिशवी भरून बाहेर आली आणि म्हणाली, "केरबांना नगा बोलवू. तुमीच चालवा. मी म्होरं बसतो."

आकारामनं गाडी बाहेर काढली. ती त्याच्या शेजारी बसली. कागल मागं पडलं. उसाच्या गाड्या चालू होत्या, रस्त्यावर चिपाडं पडली होती. निपाणीच्या आधी तिनं थांबायला सांगितलं, मागं जाऊन आली, पुन्हा पुढं बसली आणि एकदम बोलायला लागली.

"आमी ल्हानपणी कुरुंदवाडात असताना अक्कानं मला पवायला शिकवलं, तुमाला ठावं हाय?"

"न्हाई."

"वाळलेलं भोपळं पोटाला बांधून. बाप नगं म्हणायचा, पोरींनी कशाला पवायचं. ती गुपचूप न्ह्यायची, दुपारची. एकदा तिनं मधीच भोपळा सोडला की वो. मी अशी घाबरलो! ओरडायलो, अक्का धर, अक्का धर. आन ती लांब उभी ऱ्हाऊन हसतीया."

एरवी आकाराम म्हणाला असता, भोपळ्यापेक्षा डबा बरा, हवाबंद डबा. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही होतं. त्यानं ते गिळलं. हीच गोष्ट चिंचेखाली मुरमावर बसून दोघी बहिणींनी सांगितली असती, एकीनं दुसरीला खोडून काढत, हसत, खोकत. ते आता कुठल्याच रस्त्यानं मिळणार नव्हतं. समोर उसाची गाडी हळूहळू चढ चढत होती. त्यानं तिला ओलांडायचा प्रयत्न केला नाही, मागंच राहिला.

"मग?" त्यानं विचारलं.

"मग काय," तानाबाई म्हणाली, "मी हात मारायला लागलो."